मताचा हक्क नव्हता तेव्हा

१९२८ साली बोरघाट अजून धुराच्या इंजिनांनीच चढावा लागे. विजेवरची गाडी पुण्यापर्यंत यायला वर्षभराचा अवकाश होता. त्या वर्षी घाट चढून लोणावळ्याला आलेल्या आणि पुण्याकडे निघालेल्या एका गाडीत सर जॉन सायमन आणि त्यांचे सहकारी बसले होते. लोणावळ्याच्या पुढे लोहमार्ग आणि मुंबई-पुणे रस्ता बराच पल्ला एकमेकांच्या साथीने जातात. काही तरुणांनी नेमकं हेच हेरलं. ते एका लॉरीत चढले, हाती काळे झेंडे घेतले आणि गाडीच्या बरोबरीने लॉरी पळवली. मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव अशी स्टेशनं मागे पडत गेली आणि लोणावळ्यापासून पुण्यापर्यंत साहेबांच्या खिडकीबाहेर काळे झेंडे फडकत राहिले.

स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात या प्रसंगाला एक-दोन वाक्यांपलीकडे जागा मिळत नाही. त्यात कुणाचं नाव नाही, लॉरी कुणाची होती याचा पत्ता नाही. पण या प्रसंगाशी थांबायला हवं असं मला वाटतं. सायमन यांचं कमिशन आलं होतं ते हिंदी लोकांना किती लोकशाही द्यायची हे ठरवायला. १९१९ च्या कायद्याने जे अर्धेमुर्धे अधिकार दिले होते, त्यांचं दहा वर्षांनी काय झालं हे पाहून पुढचं माप ठरायचं होतं. ब्रिटिश पार्लमेंटच्या सात सभासदांचं हे मंडळ नोव्हेंबर १९२७ मध्ये जाहीर झालं आणि त्यात एकही हिंदी माणूस नव्हता. पुढे ज्यांच्या पंतप्रधानकीत हिंदुस्थान स्वतंत्र झाला ते क्लेमंट अ‍ॅटली मात्र त्यात होते. ३ फेब्रुवारी १९२८ ला कमिशन मुंबईच्या बंदरात उतरलं, तेव्हा चोविशीतल्या युसूफ मेहेरअली यांनी दिलेली 'सायमन गो बॅक' ही घोषणा देशभर गेली.

मुंबई इलाख्यात तेव्हा मत द्यायचं तर वय एकवीस पूर्ण हवं आणि वर ठराविक शेतसारा, कर किंवा मालमत्ता हवी. लॉरीतल्या तरुणांपैकी मतदारयादीत नाव असलेले कितीसे असतील? वय बसलं तर मालमत्ता बापाच्या नावावर, आणि लोणावळा-तळेगावच्या मावळ भागातल्या भातखाचरांच्या धन्यांपैकीसुद्धा सरकारला हवा तेवढा सारा भरणारे थोडेच. म्हणजे या देशाची राज्यघटना कशी असावी या प्रश्नावर रस्त्यात उतरलेली ही माणसं कायद्याच्या हिशेबात कुणीच नव्हती. असं असून त्यांना राजकारण ठाऊक होतं, ते कसं करायचं याची रीत ठाऊक होती. ही रीत ज्या जागांवर घडत आली, त्यांतली एक जागा त्या गाडीच्या वाटेवरच होती. कमिशनमधल्या कुणाला तिचं नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं. ती होती तळेगाव दाभाडे.

तळेगाव म्हटलं की आधी आठवतं ते सरसेनापती दाभाड्यांचं घराणं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या गावात एक वेगळाच उद्योग सुरू झाला. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात विष्णु गोविंद विजापूरकर नावाचे संस्कृतचे प्राध्यापक होते. लोक त्यांना अण्णासाहेब म्हणत. १८९४ पासून ते 'ग्रंथमाला' हे मासिक चालवत होते आणि मराठीत गंभीर विषयांवर ग्रंथ झाले पाहिजेत या एका ध्यासाने झपाटलेले होते. कोल्हापूरच्या दरबाराशी त्यांचं जुळलं नाही. नोकरी सुटली. १९०६ मध्ये त्यांनी समर्थ विद्यालय काढलं आणि कोल्हापूरकडे सुरू झालेली ही शाळा थोड्याच काळात तळेगावला आली. ही जागा निवडण्यामागे व्यवहार असावा. गाव रेल्वेवर, मुंबई आणि पुणे दोन्ही हाकेच्या अंतरावर, आणि संस्थानी दरबाराच्या हुकमाबाहेर.

शाळेसाठी तो काळ साधा नव्हता. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. फर्ग्युसन कॉलेजात शिकणारे विनायक सावरकर त्यात पुढे होते, म्हणून त्यांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावं लागलं. फर्ग्युसन हे सरकारी कॉलेज नव्हतं, देशभक्तांनीच उभारलेली संस्था होती, हे इथे ध्यानात ठेवायला हवं. अनुदान आणि विद्यापीठाची मान्यता या दोन दोऱ्या सरकारच्या हाती असल्या की देशभक्त चालकांनाही मुलांना आवरावं लागे. बंगालमध्ये त्याच महिन्यात कार्लाइल यांचं परिपत्रक निघालं होतं, की विद्यार्थी सभा-मिरवणुकांत दिसले तर शाळेचं अनुदान जाईल. १९०७ च्या मे महिन्यात भारत सरकारचे गृहसचिव रिस्ली यांनी हाच धाक साऱ्या देशाला घातला. विद्यार्थ्यांनी राजकीय सभांना जायचं नाही, शिक्षकांनी त्यांना न्यायचं नाही. ऐकलं नाही तर अनुदान बंद, शिष्यवृत्त्या बंद, परीक्षांना बसायची वाट बंद.

समर्थ विद्यालयासारख्या राष्ट्रीय शाळेचं मर्म इथे कळतं. ज्या शाळेने अनुदान घेतलेलंच नाही, तिचं अनुदान कसं बंद करणार? विद्यापीठाच्या परीक्षेला मुलं बसवायचीच नाहीत असं जिने ठरवलं, तिला परीक्षेची भीती काय? १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसने स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण असे चार ठराव एका दमात केले, त्यात शिक्षण आलं ते या कारणाने. १९०८ च्या आरंभी लोकमान्य टिळक राष्ट्रीय शिक्षणासाठी निघालेल्या महाराष्ट्र विद्याप्रसारक मंडळीच्या कामासाठी फिरत होते. बार्शीच्या भाषणात त्यांनी राष्ट्रीय शिक्षणात काय काय हवं ते सांगितलं: धर्मशिक्षण, परकी भाषेचं ओझं कमी करणं, उद्योगशिक्षण आणि राजकारणाचं शिक्षण. शेवटची बाब त्यांनी उघड बोलून दाखवली. रिस्लींचं परिपत्रक निघून तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं.

उद्योगशिक्षण हा तोंडी लावायचा विषय नव्हता. तळेगावातच १९०८ मध्ये पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांची ही कल्पना. माणशी वर्षाला एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी उद्योग काढायचे. रुपयाला चौसष्ट पैसे होते त्या काळातला एक पैसा, शेतमजुराला परवडेल आणि शाळेतल्या पोरालाही. टिळकांनी या कल्पनेला बळ दिलं, स्वयंसेवक वर्गणीला फिरले. कारखान्याची धुरा जपान आणि अमेरिकेत काचेचं शास्त्र शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे आली. दिव्याच्या चिमण्या आणि बांगड्या तेव्हा ऑस्ट्रिया-जपानमधून येत. त्या मावळात, आपल्या हातांनी करून दाखवायच्या होत्या. भट्टीपुढे शिकलेल्या तरुणांनी पुढे देशात ठिकठिकाणी काचेचा धंदा नेला.

पैसा फंडाचा मी राजकारणात हिशेब धरतो, त्याला एक कारण आहे. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मूठभर जमीनदार आणि करदात्यांनाच प्रतिनिधी पाठवायची सोय दिली. पैसा फंडात मात्र एक पैसा देणारा पोरगा आणि एक पैसा देणारा वकील यांचं वजन सारखं होतं. प्रौढ मतदानाचा शब्द फारसं कुणी काढत नव्हतं त्या काळात माणशी एक हे माप मावळात वापरलं गेलं. हा सराव कुणी लोकशाहीचं नाव देऊन केला नाही, तरी तो सराव होताच.

सरकारला शाळेचा अर्थ नीट कळला होता. परिपत्रकाने जे साधत नव्हतं ते राजद्रोहाच्या कलमाने साधलं. विजापूरकरांनी १९०६ मध्ये 'विश्ववृत्त' मासिक सुरू केलं होतं. १९०८ मध्ये त्यात श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवरचा लेख आला, त्यावरून खटला झाला आणि विजापूरकरांना तुरुंगात जावं लागलं. त्याच वर्षीच्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेण्यात आलं. शाळेचा आधार आणि शाळेचा चालक दोघेही तुरुंगात गेले. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे या कोवळ्या मुलाने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. पुढच्या एप्रिलमध्ये ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे आणि देशपांडे फाशी गेले. त्यानंतर राष्ट्रीय शाळा म्हटलं की सरकारच्या कपाळाला आठी पडू लागली. १९१० मध्ये समर्थ विद्यालय बंद पाडण्यात आलं.

कान्हेऱ्यांचं पिस्तूल आणि समर्थ विद्यालयाचा फळा यांना सरकारने एकाच फाईलमध्ये घातलं, हा त्या राजवटीचा सगळ्यात मोठा घोटाळा होता असं मी मानतो. मुलांना सभेला जायची बंदी, वर्गात देशाचं नाव घ्यायची बंदी, वर्तमानपत्राला कुलूप. उघड राजकारणाच्या साऱ्या वाटा बुजवल्या की छुपी वाट उरते. त्या वाटेवर गेलेल्या मुलांच्या धैर्यापुढे मान तुकते. पण अठराव्या वर्षी फासावर जाण्याऐवजी त्या मुलाला भांडायला एखादी सभा, एखादी निवडणूक मिळायला हवी होती, हेही तितक्याच कळकळीने म्हणावंसं वाटतं.

शाळा बंद झाली आणि मावळात धरणांचं काम सुरू झालं. फेब्रुवारी १९११ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क लोणावळ्याला आले. वळवणच्या धरणाची कोनशिला त्यांच्या हस्ते बसली. तळेगावची शाळा त्यांच्याच सरकारने आदल्या वर्षी बंद केली होती. लोणावळा, वळवण आणि शिरवट्याचं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून टाटांनी १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. मग आंदर मावळात ठोकरवाडीचं धरण झालं आणि १९२२ मध्ये भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. तिसऱ्या योजनेचं धरण मुळशीला, निळा आणि मुळा नद्यांच्या संगमावर व्हायचं होतं.

मुळशीकडे वळण्याआधी एक सांगायला हवं. तळेगावच्या शाळेत एक उणीव होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. शाळा मुलांची होती. आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या त्या पहिल्या लाटेत शिकवणारे-शिकणारे बहुतेक उच्चवर्णीय होते. ज्या मावळात शाळा होती तिथल्या कुणब्याचा, महाराचा, कातकऱ्याचा मुलगा दहाव्या वर्षी गुरांमागे जात होता. त्याच्या वाट्याला विद्यार्थिदशा आलीच नाही. तेव्हा विद्यार्थ्यांनी राजकारण करावं की करू नये हा वाद त्याच्यापर्यंत पोचणार कसा? विजापूरकरांचं ज्या दरबाराशी बिनसलं, त्याच दरबाराच्या शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. एकीकडे परक्या सरकारला नकार देणारी शाळा, दुसरीकडे नाकारलेल्यांना शाळेत आणणारा राजा. महाराष्ट्रातल्या तरुणांचं राजकारण या दोन धारांतून आलं आणि कितीतरी वर्षं त्या धारा एकमेकींकडे संशयाने पाहत राहिल्या.

धरण व्हायचं होतं त्या मुळशीत १९२१ साली रामनवमीला, १६ एप्रिलला, धरणाच्या कामावर बाराशेच्या आसपास मावळे जाऊन बसले. पुण्याहून न. चिं. केळकर, शिवरामपंत परांजपे, विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे पुढारी आणि स्वयंसेवक आले होते, पण बसलेली माणसं बहुतांशी खोऱ्यातली होती. ज्यांची नावं कुठल्याच मतदारयादीत नव्हती त्यांनी टाटांची बडी कंपनी अडवली. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. काम काही महिने थांबलं. डिसेंबरात ते पुन्हा सुरू झालं आणि धरपकड झाली. बायका-मुलंही त्यातून सुटली नाहीत. पांडुरंग महादेव बापट इथेच सेनापती झाले. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी कंपनीची आगगाडी अडवली, सात वर्षांची शिक्षा घेतली आणि धरण पुरं झालं. जमिनी ज्यांच्या नावावर होत्या त्या सावकारांना मोबदला हवा होता, आणि जे कसत होते त्यांना जमीन. ही फूट सत्याग्रहाच्या मुळावर आली. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर चालू झालं.

ही हार सहज विसरली जाते. अनुभव म्हणून ती मोठी होती. मावळात यापूर्वी सत्याग्रहाचा शब्द पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांतून आलेला होता; मुळशीनंतर तो माणसांनी अंगावर घेतलेला होता. तुरुंगात जाऊन आलेला चुलता, जप्त झालेली भांडी, साहेबाच्या तोंडावर 'नाही' म्हणालेली आजी, अशा आठवणी ज्या घरांत राहतात, तिथल्या मुलांना राजकारण वेगळं शिकवावं लागत नाही.

म्हणून १९२८ ची ती लॉरी माझ्या लेखी एकटी धावत नाही. तिच्यामागे तळेगाव आहे, मुळशी आहे. मात्र चित्र इथेच पुरं केलं तर ते अर्धवट राहील, कारण त्याच वर्षी पुण्यात त्याच कमिशनसमोर एक वेगळा आवाज उठला. २३ ऑक्टोबर १९२८ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुण्यात कमिशनपुढे साक्षीला बसले. ते तेव्हा सदतीस वर्षांचे होते आणि कमिशनला साहाय्य करणाऱ्या मुंबई इलाख्याच्या समितीवर होते. बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे त्यांनी दिलेल्या निवेदनात प्रौढ मतदानाची मागणी होती. पुढे १७ मे १९२९ ला समितीच्या इतरांपासून वेगळा अहवाल देताना त्यांनी ती पुन्हा मांडली. शिक्षण नाही, मालमत्ता नाही म्हणून मत नाही, ही तऱ्हा त्यांना मान्य नव्हती. ज्याच्यावर राज्य चालतं त्याला ते कोण चालवणार हे ठरवता यावं, इतकी ती सरळ मागणी होती.

बहिष्काराच्या त्या हवेत कमिशनशी बोलणाऱ्यावर टीकेची झोड उठली. ती समजण्यासारखी आहे. एकही हिंदी माणूस नसलेलं मंडळ आपलं भवितव्य ठरवायला येतं, हा अपमान खरा होता आणि काळे झेंडे हे त्याचं योग्य उत्तर होतं. तरी मला पुन्हा पुन्हा वाटतं, की झेंडे दाखवणाऱ्या तरुणांचं मागणं आणि आत बसून साक्ष देणाऱ्याचं मागणं मुळात भांडणारं नव्हतं. ऑगस्ट १९२८ मधला नेहरू अहवाल हा राष्ट्रीय पक्षांनी सायमनला दिलेला जबाब. त्यातही एकवीस वर्षांवरच्या सर्व स्त्री-पुरुषांना मत असावं असंच म्हटलं होतं. बाहेरचे आणि आतले एकच गोष्ट मागत होते, आणि ती सायमन कमिशनने दोघांनाही नाकारली. १९३० च्या अहवालात प्रौढ मतदान नव्हतं. मतदार लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या आसपास न्यावेत, इतकीच तयारी होती.

पुण्यातल्या काही तरुणांनी मात्र नाकारलेल्यांच्या त्या दुसऱ्या धारेकडे पाहायला फार वेळ लावला नाही, ही त्यांच्या खात्यावर जमा असलेली मोठी गोष्ट. १९२९ च्या ऑक्टोबरात पर्वतीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज यांच्या पुढाकाराने सत्याग्रह झाला, तेव्हा चोविशीतले एस. एम. जोशी आणि बाविशीतले ना. ग. गोरे त्यात होते. परक्या सरकारविरुद्ध घोषणा देणं अवघड होतंच. आपल्याच पेठेतल्या, आपल्याच नात्यातल्या लोकांच्या दगडांपुढे उभं राहणं अधिक अवघड. मंदिर उघडलं नाही. एस. एम. आणि गोरे यांचं पुढचं आयुष्यभराचं राजकारण मात्र त्या पायऱ्यांवर ठरलं.

मावळाला लागून असलेल्या खेडचा शिवराम हरी राजगुरू वेगळ्या वाटेने गेला. ३० ऑक्टोबर १९२८ ला लाहोरला याच कमिशनविरुद्धच्या मिरवणुकीत लाला लजपतरायांवर लाठ्या पडल्या, नोव्हेंबरात ते गेले, आणि १७ डिसेंबरला पोलीस अधिकारी साँडर्सवर गोळ्या झाडणाऱ्यांत राजगुरू होता. वीस वर्षांचा. मतदाराचं किमान वयही पुरं व्हायचं होतं. २३ मार्च १९३१ ला भगतसिंग आणि सुखदेव यांच्याबरोबर तो फाशी गेला.

१९३५ च्या कायद्याने मतदार तीन कोटींच्या घरात नेले, तरी सारा आणि शिक्षण यांची अट राहिलीच. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'च्या लढ्यात पुण्याच्या काँग्रेस भवनावर तिरंगा लावायला गेलेला शाळकरी वयाचा नारायण दाभाडे पोलिसांच्या गोळीने गेला. सप्टेंबरात नंदुरबारला शिरीषकुमार मेहता गेला, त्याला सोळावं पुरं व्हायचं होतं. घाटाखाली कर्जत-माथेरान भागात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवालांनी आझाद दस्ता उभारला. कोतवाल वकील होते, माथेरान नगरपालिकेत निवडून आलेले, उपाध्यक्ष. निवडणुकीचं राजकारण करून पाहिलेला हा माणूस भूमिगत झाला आणि त्याच्या दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. मावळातल्या गावांनी जमिनी देऊन जी वीज निर्माण झाली होती, तिचेच हे मनोरे. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील मारले गेले. कोतवालांचं वय तीस.

जगात इतरत्र लोकशाही आली तिथेही तरुणांचा क्रम असाच दिसतो. १६ जून १९७६ ला दक्षिण आफ्रिकेत सोवेटोची शाळकरी मुलं रस्त्यावर आली, ती आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याच्या सक्तीविरुद्ध. परकी भाषेचं ओझं हा बार्शीच्या भाषणातला मुद्दा इथे आठवल्याशिवाय राहत नाही. त्या मुलांना, त्यांतली जी जगली त्यांना, मत द्यायला २७ एप्रिल १९९४ उजाडावा लागला. दक्षिण कोरियात १९६० मध्ये विद्यार्थ्यांनी सिंगमन री यांची सत्ता खाली खेचली, १९८७ मध्ये लष्करशाहीला थेट निवडणूक मान्य करायला लावली. आणि तिथे अठराव्या वर्षी मताचा हक्क मिळायला २०१९ चा डिसेंबर यावा लागला. राजवट पाडायला तरुण पुरेसे प्रौढ असतात, मत द्यायला नसतात, हा हिशेब कितीतरी देशांनी तसाच चालू ठेवला.

आपल्याकडे एक उडी मात्र फार मोठी घेतली गेली. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सतरा कोटींवर मतदार होते. ना साऱ्याची अट, ना अक्षरओळखीची. ज्या मावळात मुळशीचे सत्याग्रही एकाही यादीत नव्हते, तिथे कातकरी बाई आणि इनामदार एकाच रांगेत आले. आंबेडकरांनी पुण्यात मागितलेलं आणि नेहरू अहवालात लिहिलेलं, दोन्ही त्या रांगेत होतं. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेब याच लोहमार्गावरच्या देहूरोडला आले आणि तिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, तेव्हा मोठ्या संख्येने लोटलेल्या लोकांत मतदार झालेली पहिली पिढी होती.

एकविसाचं वय अठरावर आलं ते एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने, २८ मार्च १९८९ पासून. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत अठरा ते वीस वयाच्या कोट्यवधी मुलामुलींनी पहिल्यांदा मत दिलं. १९९३ पासून त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने ग्रामपंचायतीला घटनेचा आधार मिळाला आणि एकविसाव्या वर्षी पंचायतीवर निवडून येता येऊ लागलं. आज मावळातल्या वाड्या-वस्त्यांवरून तिशीच्या आतले सरपंच दिसतात, त्यांत मुलीही आहेत.

तळेगावच्या शाळेची गोष्टही १९१० मध्ये संपली नव्हती. विजापूरकर तुरुंगातून सुटल्यावर गप्प बसले नाहीत. काही वर्षांनी तळेगावात शाळा पुन्हा उभी राहिली. १९२६ मध्ये ते वारले. नवीन समर्थ विद्यालय आजही तळेगावात भरतं आणि नूतन महाराष्ट्र विद्या प्रसारक मंडळ ते चालवतं.

कॉलेजांकडे वळलं की मात्र मन खट्टू होतं. महाराष्ट्रातल्या विद्यार्थी निवडणुका १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हिंसाचाराच्या कारणाने थांबवल्या गेल्या आणि विद्यार्थी मंडळावर गुणांच्या यादीतून मुलं घेण्याची पद्धत आली. हिंसाचार खराच होता, कॉलेजच्या निवडणुकीवरून मुलांचे जीव गेले होते. पण सार्वत्रिक निवडणुकीत मारामाऱ्या झाल्या म्हणून आपण आमदार गुणवत्तायादीतून नेमायला लागलो नाही. तिथे बंदोबस्त वाढवला, आचारसंहिता आणली, मतदान यंत्रं आणली. मुलांच्या बाबतीत तेवढी खटपट करावीशी कुणाला वाटली नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांना थेट मतदानाचा हक्क परत दिला. २०१९ मध्ये निवडणुका घ्यायचं ठरलं, मग विधानसभा निवडणुकीमुळे त्या पुढे ढकलल्या आणि त्या राहूनच गेल्या.

१३ मे २०२४ ला मावळ लोकसभा मतदारसंघात मतदान झालं. तळेगाव, वडगाव, लोणावळ्यातल्या कॉलेजांत शिकणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींनी शाई लावून घेतली आणि देशाचं सरकार निवडण्यात आपला वाटा उचलला. आपल्या कॉलेजचा सचिव निवडण्यासाठी त्यांनी तोवर एकदाही मत दिलेलं नव्हतं. त्यांच्यासाठी केलेला कायदा तेव्हा सात वर्षांचा झाला होता.